उपरा कोण, मूळचा कोण?

ह्यूस्टनचे नाव चंद्रावरून आलेल्या पहिल्या संदेशामुळे जगाच्या इतिहासात कोरले गेले, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कीटकशास्त्राच्या इतिहासात मात्र आपल्या शहराची नोंद एका वेगळ्याच कारणासाठी आहे. ऑगस्ट १९८५ मध्ये इथल्या हॅरिस काउंटीत, टाकून दिलेल्या टायरांत साचलेल्या पाण्यात, काळ्या अंगावर पांढरेशुभ्र पट्टे असलेला एक डास मोठ्या संख्येने सापडला. शास्त्रीय नाव एडीस अल्बोपिक्टस, बोलीभाषेत 'एशियन टायगर', म्हणजे आशियाई वाघडास. दोन वर्षांपूर्वी, १९८३ साली, टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये त्याचा एक नमुना मिळाला होता, पण तो तेवढ्यावरच राहिला. ह्यूस्टनमध्ये मात्र त्याने बिऱ्हाड थाटले होते. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याचा जम बसला तो इथून.

माझा व्यवसाय संगणकाचा, डासांचा नव्हे. पण उन्हाळ्यात भर दुपारी अंगणात कुंड्यांना पाणी घालताना पोटऱ्यांना कडकडून चावणारा हा प्राणी कोण, आपल्या लहानपणी तर डास संध्याकाळी यायचे, या साध्या कुतूहलातून वाचन सुरू झाले आणि हाती लागला तो चांगला चारशे वर्षांचा इतिहास. त्यात गुलामांची जहाजे आहेत, कलकत्ता आहे, जपानी टायर आहेत आणि चक्क आपल्या विदर्भातले अचलपूरही आहे. बाहेरून आलेला डास आणि आधीपासून राहणारा डास यांच्यात लढत झाली की कोण जिंकतो, हा त्या इतिहासाचा मुख्य प्रश्न. उत्तर वाटते तितके सरळ नाही.

आधीचा पाहुणा

१९८५ साली वाघडास आला तेव्हा ह्यूस्टनच्या वस्त्यांमध्ये त्याच्याच कुळातला एक डास ठाण मांडून होता : एडीस ईजिप्ती. पण तोही इथला नव्हे. त्याचे मूळ आफ्रिकेत. तिथल्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणाऱ्या या डासाची एक शाखा माणसाच्या साठवणीच्या पाण्याला सरावली. पुढे गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून ती अटलांटिक ओलांडून आली. हा डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. पाणी आटले तरी ती अंडी महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. समुद्रप्रवासाला याहून सोयीचे अंडे कोणते?

त्याच्याबरोबर पीतज्वर आला. १६४७ साली बार्बाडोसमध्ये आणि १६४८ साली युकातानमध्ये त्याच्या साथी आल्या. १७९३ साली तेव्हाची राजधानी असलेल्या फिलाडेल्फियात सुमारे पाच हजार माणसे गेली, म्हणजे शहराचा जवळपास दहावा हिस्सा. आपल्या शेजारच्या गॅलव्हेस्टनमध्ये १८६७ च्या एका साथीत हजारावर बळी गेले. मेम्फिसमध्ये १८७८ साली पाच हजारांहून अधिक. रोग कशाने पसरतो हेच लोकांना कळत नव्हते. क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ साली डासावर बोट ठेवले, पण ते सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. वॉल्टर रीड यांच्या पथकाने हवानात प्रयोग केले तेव्हा कुठे जगाला पटले. अमेरिकेतली पीतज्वराची शेवटची मोठी साथ १९०५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये आली. डेंगी मात्र येत राहिला. १९२२ साली टेक्सासमध्ये त्याची प्रचंड साथ पसरली होती.

१९४७ पासून अमेरिका खंडातल्या देशांनी मिळून ईजिप्तीच्या निर्मूलनाची मोहीम उघडली. डीडीटीची फवारणी आणि घरोघरची पाण्याची तपासणी यांच्या जोरावर १९६२ पर्यंत खंडातले अठरा देश त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. अमेरिकेने मात्र ही मोहीम १९६४ साली उशिरा हाती घेतली आणि १९६९ च्या सुमारास अर्ध्यावर सोडली. पुढे इतर देशांतही ढिलाई आली आणि ईजिप्ती परतला. सांगायचा मुद्दा हा की, १९८५ साली ज्याला आपण 'इथला' डास म्हणत होतो, तो तीन-चारशे वर्षांपूर्वीचा उपराच होता. मुक्काम लांबला, एवढेच.

टायरमधून आलेला नवा

वाघडासाचे मूळ पूर्व आणि आग्नेय आशियाच्या जंगलांत. पण विज्ञानाला तो 'भेटला' भारतात. सिडनीच्या संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ फ्रेडरिक स्क्यूज यांनी १८९४ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. 'बंगालचा पट्टेरी डास' असेच त्यांनी त्याला म्हटले होते.

बंगालचा हा डास टेक्सासला आला कसा? सत्तर-ऐंशीच्या दशकांत जुन्या टायरांचा जागतिक व्यापार जोरात होता. आशियातून, विशेषतः जपानमधून, ट्रकचे वापरलेले टायर पुन्हा रबर चढवून विकण्यासाठी अमेरिकेत येत. टायर म्हणजे डासांसाठी आदर्श घर : आत अंधार, सावली, पावसाचे पाणी सहजी निघत नाही, वर चार वाळकी पाने. पॉल रायटर आणि डी. स्प्रेंगर या संशोधकांनी १९८७ साली हा सगळा मार्ग उलगडून दाखवला.

हे डास आशियाच्या नेमक्या कुठल्या भागातून आले, याचाही छडा लागला, आणि तो एखाद्या गुप्तहेरकथेत शोभावा असा. उष्ण प्रदेशातल्या वाघडासाची अंडी थंडीत तग धरत नाहीत. उत्तरेकडच्या वाघडासाची मादी मात्र दिवस लहान होऊ लागले की अशी अंडी घालते, जी हिवाळाभर झोपून राहतात आणि वसंतात फुटतात. ह्यूस्टनच्या डासांमध्ये हीच सवय आढळली. म्हणजे ते बंगालचे किंवा मलायाचे नव्हते. ते उत्तर आशियातले, बहुधा जपानकडचे. म्हणूनच तर त्यांना टेक्सासवरून थेट इलिनॉय, इंडियानापर्यंत मजल मारता आली. १९९७ पर्यंत २५ राज्यांतल्या ६७८ काउंट्यांत ते पोहोचले होते, आणि हा प्रवास बराचसा इंटरस्टेट हायवेंच्या कडेकडेने झाला. डास स्वतः फार तर काहीशे मीटर उडतो. बाकीचा प्रवास त्याला आपणच घडवला.

१ जानेवारी १९८८ पासून आशियातून येणारे टायर कोरडे आणि कीटकमुक्त असण्याची सक्ती झाली. पण घोडे गंगेत न्हाले होते. पुढे २००१ साली लॉस एंजेलिसला चीनहून पाण्यात उभे करून आणलेल्या 'लकी बांबू'च्या कंटेनरांतही हे डास निघाले. दार एक बंद केले की दुसरे उघडते.

दोघांची लढत

यानंतर जे घडले ते संशोधकांनाही चकित करणारे होते. अलाबामा, मिसिसिपी, फ्लॉरिडा इथे जिथे जिथे वाघडास पोहोचला, तिथे तिथे ईजिप्ती दोन-चार वर्षांत झपाट्याने ओसरला. फ्लॉरिडात वाघडास १९८६ साली जॅक्सनव्हिलपाशी दिसला आणि १९९४ पर्यंत राज्यातल्या सर्व ६७ काउंट्यांत पसरला. उत्तर फ्लॉरिडातून ईजिप्ती जवळजवळ नाहीसाच झाला. पीतज्वराच्या धास्तीने सरकारांनी कोट्यवधी डॉलर ओतूनही जो हटला नाही, त्याला एका दुसऱ्या डासाने हुसकून लावले.

हे कसे झाले? सुरुवातीच्या अनेक प्रयोगांत निकाल उलटाच येई. प्रयोगशाळेत दोघांच्या अळ्या एकाच भांड्यात वाढवल्या की ईजिप्ती जिंके! आमच्या व्यवसायातल्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. टेस्टिंगमध्ये एक चालते, प्रत्यक्ष ग्राहकाकडे दुसरेच. इथे गोम खाण्यात होती. प्रयोगशाळेत अळ्यांना यकृताची पूड वगैरे पौष्टिक आहार मिळे. खऱ्या टायरात असतात कुजकी पाने आणि त्यांवरचे जिवाणू. तसाच निकृष्ट आहार देऊन रॉबेर्तो बारेरा यांनी १९९६ साली आणि स्टीव्हन ज्युलियानो यांनी १९९८ साली प्रयोग केले. ज्युलियानोंनी तर फ्लॉरिडातल्या उघड्या जागेत प्रयोग मांडले. तेव्हा वाघडास सरळ सरस ठरला. दुष्काळात कमी खाऊन संसार रेटणारा तो. हवेत उडणारे डास एकमेकांशी भांडत नाहीत. लढाई होते ती वाटीभर पाण्यात, अळ्यांमध्ये, अन्नावरून.

दुसरे कारण पुढे कळले. वाघडासाचा नर ईजिप्तीच्या मादीशी समागम करतो. त्यातून पिल्ले होत नाहीत, पण ती मादी नंतर स्वजातीच्या नराला जवळ येऊ देत नाही आणि कायमची निष्फळ राहते. उलट बाजूने, म्हणजे ईजिप्तीच्या नराकडून वाघडासाच्या मादीचे, असे नुकसान होत नाही. फिलिप लाउनिबोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेरो बीचच्या प्रयोगशाळेत याचा पाठपुरावा केला. त्यांना आढळले की, जिथे दोघे काही काळ एकत्र राहिले तिथल्या ईजिप्तीच्या माद्या हळूहळू परक्या नराला ओळखून टाळू लागल्या होत्या. निसर्गाने थोड्या पिढ्यांत शिकवलेला हा धडा.

आणि तरी ईजिप्ती पुरता हरला नाही. मायामी, की वेस्ट, न्यू ऑर्लिन्स आणि आपले ह्यूस्टन या शहरांत तो टिकून राहिला. कारण अंड्यांत आहे. कडक ऊन आणि कोरडी हवा ईजिप्तीची अंडी सोसतात. वाघडासाची अंडी त्यात जास्त मरतात. सावली आणि झाडी असलेल्या उपनगरात वाघडास, तर सिमेंटच्या तापलेल्या वस्तीत ईजिप्ती, अशी वाटणी झाली.

डेंगीचा मुख्य वाहक ईजिप्ती. त्यामुळे तो मागे हटला हे बरेच झाले, असे सुरुवातीला अनेकांना वाटले. ते अर्धेच खरे ठरले. वाघडास डेंगीचा तुलनेने मंद वाहक आहे, पण निरुपद्रवी नव्हे. २००१ साली हवाईत आलेल्या डेंगीच्या साथीत, १२२ रुग्णांत, त्याचाच हात होता. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर चिकुनगुन्याने सुमारे एक तृतीयांश लोकांना गाठले. तिथे ईजिप्ती जवळपास नाही. वाघडासच आहे. विषाणूच्या आवरणात झालेला एक छोटासा बदल वाघडासाच्या शरीरात त्याला अधिक सोयीचा ठरला होता. वाहक बदलला, तसा विषाणूही बदलला.

कलकत्त्यात उलटा निकाल

आता या कथेतला सगळ्यात उद्बोधक भाग. आशियात वाघडास मूळचा आणि ईजिप्ती उपरा. आनुवंशिक अभ्यासांनुसार ईजिप्ती आशियात पोहोचला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुएझ कालवा खुला झाला (१८६९) त्या काळाच्या आसपास. तिथे काय झाले? कलकत्त्यासारख्या दाट शहरांत आगंतुक ईजिप्तीने मूळच्या वाघडासाला बाहेर ढकलले. कलकत्त्यातल्या या विस्थापनावर १९६७ साली गिलोत्रा, रोझबूम आणि भट्टाचार्य यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्या शहराच्या नावावर वाघडासाची विज्ञानात नोंद झाली, त्याच शहराच्या मध्यवस्तीत तो मागे पडला आणि झाडी असलेल्या कडेला गेला.

म्हणजे तेच दोन मल्ल, पण आखाडा बदलला तर विजेताही बदलला. कलकत्त्याच्या, तशाच आपल्या मुंबई-पुण्याच्या दाट वस्त्यांत नळाला पाणी ठरावीक वेळी. म्हणून घरात हौद, पिंपे, माठ, बादल्या भरलेल्या. झाडे थोडी, माणसे दाटीने. ईजिप्ती हा घरात राहणारा, पलंगाखाली आणि कपड्यांमागे दडणारा डास. त्याला याहून काय हवे? अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र चोवीस तास नळ, खिडक्यांना जाळ्या, एअर कंडिशनर, आणि घराभोवती हिरवळ, झाडे, पालापाचोळा. हा आखाडा वाघडासाचा. मूळचा जिंकतो की उपरा, हे डासाच्या जन्मस्थानावर ठरले नाही. माणसाने पाणी कुठे आणि कसे साठू दिले, यावर ठरले.

खरोखरीचा इथला

मग अमेरिकेचा अस्सल देशी डास कुठे गेला? या भांड्यांच्या जगातला तो म्हणजे एडीस ट्रायसेरिएटस, झाडाच्या ढोलीत वाढणारा. हाही साधा नाही. विस्कॉन्सिनच्या ला क्रॉस गावावरून नाव पडलेला, मुलांच्या मेंदूला सूज आणणारा विषाणू तो वाहतो. १९९१ साली टॉड लिव्हडाल आणि मिशेल विली यांनी दोघांच्या अळ्या ढोलीतल्या आणि टायरातल्या पाण्यात वाढवून भाकीत केले : टायरात वाघडास देशी डासाला हटवील, पण ढोलीत दोघे नांदू शकतील.

ढोलीत देशी डासाला एक साहाय्यही मिळते, तेही शत्रूकडून. तिथे डासांच्या अळ्या खाणाऱ्या दुसऱ्या मोठ्या अळ्या असतात. त्यांतला एक टॉक्सोर्हिन्कायटीस नावाचा धिप्पाड डास, जो मोठेपणी रक्त पीतच नाही. या शिकाऱ्याची चाहूल पाण्यात लागली की देशी अळी हालचाल कमी करून गप्प बसते. पिढ्यान्पिढ्यांची ओळख आहे ती. वाघडासाची अळी मात्र बेधडक वळवळत राहते आणि पकडली जाते. केशवराजू आणि ज्युलियानो यांनी २००४ साली हा फरक दाखवून दिला. जुनी झाडे आणि त्यांच्या ढोली जिथे राखल्या आहेत, तिथे आगंतुकाला अटकाव करणारी ही जुनी व्यवस्था अजून चालू आहे. टायरांच्या ढिगात ती नसते.

एलिचपूरहून आफ्रिकेत

या कथेचे सर्वांत ताजे पान आपल्या मातीशी जोडलेले आहे. १९०१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला होते. तिथल्या डासांचा वर्षभर अभ्यास करून त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन केले : अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी. हेच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेगवरच्या कामासाठी नावाजले. मुंबईतल्या हिवतापामागे हाच डास आहे आणि तो विहिरी व टाक्यांत वाढतो, हे बेंटली यांच्या १९११ च्या अहवालात मांडले गेले. त्यानंतर मुंबईतल्या विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून किती वाद झाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

शंभर वर्षांनी हा डास परदेशी निघाला. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूतीला आढळला. मग इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना. आफ्रिकेचे हिवतापाचे मूळ डास पावसाच्या डबक्यांत, बहुतेक खेड्यांत वाढतात. शहर त्यांना मानवत नाही. स्टीफेन्सीला मात्र टाकी, पिंप, बांधकामाचे पाणी चालते, आणि तेही बारा महिने. इथे त्याने कुणाला हुसकावले असे म्हणण्यापेक्षा, मूळच्या डासांनी मोकळी सोडलेली शहरे त्याने व्यापली असे म्हणावे लागेल. परिणाम भयंकर आहे. जिबूतीत २०१२ साली हिवतापाचे अवघे २७ रुग्ण होते. २०२० साली ७३ हजारांवर. इथिओपियातल्या दिरे दावा शहरात २०२२ साली आलेल्या साथीचा संबंधही याच डासाशी जोडला गेला. आफ्रिकेतली वाढती शहरे हिवतापापासून तुलनेने सुरक्षित, ही समजूत आता उरली नाही.

आपल्या अंगणात

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण आम्ही काय करायचे? इतिहासानेच उत्तर दिले आहे. पिंप, टायर, टाकी, बांबूचे भांडे : प्रत्येक वेळी विजेत्याला आखाडा माणसाने बांधून दिला. तेव्हा आखाडाच मोडायचा. उन्हाळ्यात अंडे ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा. म्हणून कुंडीखालची बशी, पक्ष्यांचे पाणी, मुलांची खेळणी, तुंबलेली पन्हळ यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे. नुसते ओतू नये, भांडे आतून घासावे, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात. लकी बांबूचे पाणीही बदलावे. डिसेंबरात देशात जाताना घराभोवती उघडे भांडे ठेवू नये, आणि तिकडे पोहोचल्यावर आईच्या स्वयंपाकघरातल्या पिंपावर घट्ट झाकण आहे ना, तेही बघावे. दिवसा अंगभर कपडे आणि डास पळवणारे मलम दोन्हीकडे चालते.

मुलांना दाखवायची एक गंमतही सांगतो. मारलेला डास भिंगाखाली धरा. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ दिसली तर तो वाघडास. कडेने वळलेली, ग्रीक तंतुवाद्याच्या चौकटीसारखी नक्षी दिसली तर ईजिप्ती. ह्यूस्टनमध्ये दोन्ही मिळतात. एक गुलामांच्या जहाजातून आलेला, दुसरा जपानी टायरातून. ब्राउन्सव्हिलला २०१६ च्या नोव्हेंबरात झिकाची स्थानिक लागण झाली तेव्हा या ओळखीची गरज टेक्सासला नव्याने कळली. पुढच्या वेळी अंगणात चावा बसला की आधी आसपासचे पाणी शोधा. ते बहुतेक वेळा दहा पावलांच्या आतच सापडते.